पाकिटाच्या मागे

पाकिटाच्या मागे एक गोरी बाई हसतेय:
एक पाकीट, दोन अंडी, अर्धी वाटी तेल.
बस्स. एवढंच.
आईला हे दाखवलं
तर ती आधी पाकिटाची मुदत बघेल,
आणि मग माझ्याकडे.

फहाहीलला, नर्सांच्या क्वार्टरमध्ये, चौथ्या मजल्यावर
सातजणींनी वर्गणी काढून घेतलेला एक ओव्हन आहे,
दोन पावांना पुरेल एवढा.
बटणावरचे आकडे पुसून गेलेत.
पाकीट म्हणतं, तीनशे पन्नास फॅरनहाइट.
मी तापातली माणूस,
एकशेचारच्या वर मला आकडा भीतीच घालतो.
दार उघडून हात आत धरते,
कपाळावर धरावा तसा.
पुरे. एवढा ताप पुरे.

नेवाशाला नाताळ म्हणजे
तांदूळ तीन दिवस पाण्यात,
अनारशाचं पीठ गुळाबरोबर आठ दिवस डब्यात,
आणि तोवर स्वयंपाकघरात कुणी शिंकायचं नाही.
इथं माझ्याकडे दोन तास दहा मिनिटं आहेत.
पाळी नऊची, बस सव्वाआठला.
रजेचा अर्ज मुदलियार सिस्टरनं हसून परत दिला होता;
हसली, म्हणून रागही धड येईना.

तर पाकीट फोडलं. पिवळी धूळ उडाली.
रोझलिननं अंडी फोडली एका हातानं,
दुसऱ्या हातात फोन,
फोनमध्ये तिचा मुलगा दात दाखवत होता,
म्हणजे पडलेल्या दाताची जागा.
टुटीफ्रुटी नव्हती.
लॅबमधली इख्लास बिया काढलेला खजूर घेऊन आली,
‘हा घाला. मला चार ठेवा.’
साचा नव्हता.
औषध मोजायची तीस मिलीची वाटी उकळून घेतली,
तिनं सुरेख गोल पडतात.
कडेनं मी चिरणी फिरवली,
करंज्यांची, पितळी,
विमानतळावरच्या माणसानं दोनदा उलटसुलट पाहिलेली.
पाकिटातल्या पिठाला नेवाशाचे दात आले.

खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत.
तिला तारा म्हणायचा मोह
मी अकरा वर्षं आवरलाय.

पहिला घाणा जळला.
दुसरा पत्र्याला असा चिकटला
की तो आम्ही उलथन्यानं खरवडून उभ्याउभ्याच संपवला.
तिसरा उतरला
तेव्हा तिघीही गप्प,
आणि खाली बसचा हॉर्न.

बेड नऊ. उम्म जासिम. साखर दोनशे ऐंशी.
पहाटे तीनला बोट टोचायला गेले
तर म्हातारीनं माझाच हात धरून नाकाशी नेला.
‘काय भाजलंस?’
माझं अरबी मोडकं: बिस्किट. ईदचं. आमच्या ईदचं.
तिनं पुन्हा हुंगलं, डोळे मिटून,
मग नापसंतीनं हात सोडून दिला.
‘हेल नाही घातलंस?’
हेल म्हणजे वेलची.
पण तिनं तो शब्द असा हेल काढून म्हटला
की क्षणभर मला वाटलं
वॉर्डाच्या दारात आणखी कुणी उभं आहे.

मग ती आईच्या केकबद्दल सांगत राहिली.
केशर, वेलची, वरून तीळ.
अंडी किती, ते मोजताना दोन्ही हातांची बोटं संपली.
माझ्या खिशात रुमालात एक होतं.
दोनशे ऐंशी.
मी खिशावर हात ठेवून ऐकत राहिले.

सकाळी बसमधून दुकानापाशीच उतरले.
दुसरं पाकीट. हिरवी वेलची, वीस ग्रॅम.
खलबत्ता नाही, म्हणून पोळपाटावर
स्टीलच्या पेल्याच्या बुडानं कुटायला लागले,
आणि गोऱ्या बाईच्या हनुवटीखाली
बॉलपेननं लिहिलं:
वेलची, अंदाजे.

‘कोण कुटतंय गं इतक्या सकाळी?’
आतून रोझलिन ओरडली,
अर्थात तिच्या भाषेत.
मला ते मराठीतच ऐकू आलं.